जागल्याची यादी

भूपाल मगदूम यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या शब्दावर पाव किलो साखरसुद्धा घेतली नव्हती. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांची एकतीस वर्षं नोकरी झाली होती, आणि संधी मिळाली की प्रत्येक काटा खोटं बोलतो, अशी या एकतीस वर्षांत त्यांची खात्री पटलेली होती. ते नुसते पाय मोकळे करायला बाजारात निघाले, तरी जयसिंगपूरच्या चार दुकानांतले तराजू आपोआप सरळ होत.

त्यांच्या कामाचे दोन नियम होते. वजन काट्याच्या मधोमध ठेवून समाधान मानायचं नाही, ते चारी कोपऱ्यांवर ठेवून बघायचं, कारण लबाडी असते ती कोपऱ्यात. आणि दुसरा, तपासायला येतोय असं आधी कुणाला सांगायचं नाही. या दोन नियमांवर त्यांनी सबंध तालुका वठणीवर ठेवला होता. पुढे हेच नियम त्यांनी पोटच्या मुलीला लावले, आणि तिथून सगळं बिनसलं.

मुलगी एकच, त्रिशला. वय सत्तावीस. विजयदुर्गासमोर भर समुद्रात ज्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या देखभालीवर ती इंजिनियर होती. पंधरा दिवस समुद्रातल्या फलाटावर, आठ दिवस किनाऱ्यावर. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बापलेक दोघंही कमी बोलणारी, त्यामुळे त्यांचा संसार मुख्यतः मेसेजवर चालायचा. "जेवलात का अण्णा?" "जेवलो. तू?" "जेवले." एवढंच, पण ते रोज चालायचं आणि दोघांनाही पुरायचं.

मार्चच्या नऊ तारखेला सकाळी मगदूमांनी लिहिलं, "चष्म्याचा नंबर वाढला." मेसेजपुढे एक खूण उमटली. एक खूण म्हणजे मेसेज इकडून निघाला. दुसरी उमटली की तो तिकडच्या फोनमध्ये पोहोचला. त्रिशलाच्या बाबतीत ही दुसरी खूण पापणी लवायच्या आत उमटायची. त्या दिवशी ती अडीच तासांनी उमटली.

मगदूमांच्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरतंय.

शेजारी नूरभाई मुजावर राहायचे. टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबावर चढून ते निवृत्त झाले होते, आणि तारा गेल्या तरी त्या विषयातला त्यांचा रस गेला नव्हता. मगदूम त्यांच्या अंगणात जाऊन बसले आणि आडून आडून विचारायला लागले, की मेसेज निघतो पण पोहोचत नाही, असं का होतं.

"रेंज नसंल," नूरभाई म्हणाले.

"त्यांच्या फलाटावर स्वतःचा टॉवर आहे."

"मग जागल्यानं अडवला असंल. आता हे बघा साहेब. ॲप काय सदा जागं नसतंय. ते झोपलेलं असतंय. नाहीतर बॅटरी दुपारपतोर बी टिकायची न्हाई. तुम्ही मेसेज टाकला की तो पयला कंपनीच्या मोठ्या मशीनकडं जातोय. ते मशीन तुमच्या पोरीच्या फोनला एक मुकी हाक मारतंय. वाजत न्हाई, दिसत न्हाई. आपण पूर्वी मिस्ड कॉल द्यायचो का न्हाई? उचलायचा न्हाई, नुसतं कळायचं, की गडी पोचला. तसंच. हाक आली की फोन ॲपला हलवून उठवतोय, अर्धा मिनिट देतोय. तेवढ्यात ॲपनं मेसेज आत घ्यायचा आन परत झोपायचं. आत घेतला की तुमची दुसरी खूण."

"मग हाक मारली तर उठायला काय होतं?"

"तेच तर जागल्या ठरवतोय. कुणाच्या हाकेला उठवायचं आन कुणाच्या न्हाई."

जागल्याबद्दल मगदूमांनी ऐकलं होतं, पण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पूर्वी गावात जागून राखण करणाऱ्याला जागल्या म्हणत. तेच नाव या नव्या व्यवस्थेला मिळालं होतं. झालं होतं असं, की दुकानं, बँका, बातम्या, खेळ, झाडून सगळ्यांची ॲप्स फोनला मुक्या हाका मारायला लागली होती. एकेक फोन दिवसातून चारचार हजार वेळा दचकून जागा व्हायचा. शेवटी फोनच्या आतच एक राखणदार बसवला गेला. तो मालकाचं वागणं बघायचा. अमक्याचा मेसेज आला की हा माणूस फोन किती लवकर उचलतो, त्यावर नजर किती वेळ ठरते, मनगटावरच्या घड्याळात नाडी जरा तरी उडते का, तो संवाद हा पुन्हा पुन्हा उघडून बघतो का. त्यावरून तो प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचा. वरच्या नंबरवाल्याने हाक मारली की ॲप तत्काळ उठायचं. खालच्याचा मेसेज बाहेरच ताटकळायचा, मालक स्वतःहून ॲप उघडेपर्यंत. आता साधे फोनही याच ॲपमधून येत असल्यामुळे त्यांनाही तोच न्याय होता.

लोकांनी या क्रमांकाला 'जाग' असं नाव दिलं आणि लगेच त्यावरून भांडणं सुरू केली. मुलगी बघायला गेलेली मंडळी चहा घेता घेता मुलाला विचारायची, "आईची जाग कितवी आहे?" सासवा-सुनांना नवा विषय मिळाला. यादी फक्त फोनच्या मालकालाच दिसायची, म्हणून तर संशयाला पूर आला. जी गोष्ट दिसत नाही, ती वाईटच असणार, असं धरून चालायची माणसाला सवयच असते. मगदूमांना तर त्यासाठी पगार मिळायचा.

"म्हणजे मी खाली गेलोय," ते नूरभाईंना म्हणाले.

"एका दिवसावरनं असं म्हनू नये साहेब. पोरीला इचारा की."

मगदूम हसले. दुकानदाराला 'तुझा काटा खोटा आहे का' असं विचारून तपासणी होते का कधी?

त्यांनी एक वही केली. अकरा मार्चला सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पहिली चाचणी घेतली. मेसेजमध्ये काय लिहायचं, हा प्रश्न होता. चाचणीचं वजन कोरं असावं लागतं, त्याला रंग नको, वास नको. त्यांनी नुसता एक ठिपका पाठवला.

दुसरी खूण तीन सेकंदांत उमटली. मिनिटाच्या आत त्रिशलाचं उत्तर आलं, "काय झालं अण्णा? बरे आहात ना?"

"चुकून बोट लागलं," त्यांनी लिहिलं, आणि वहीत तीन सेकंद मांडले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, तिसऱ्या दिवशी चार वाजता. वेळा बदलत ठेवल्या, नाहीतर तपासणीचा वास लागतो. तिसऱ्या ठिपक्याला त्रिशलाने सरळ फोन केला. पाठीमागे वारा घोंघावत होता.

"अण्णा, छातीत वगैरे दुखत नाही ना? खरं सांगा."

"छे गं. फोन जुना झालाय. आपोआप काहीतरी जातं."

"नवा घेऊन देऊ?"

"नको."

कामावर असताना ती घाईघाईने शिडी उतरून खाली आली होती, हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांनी वहीत लिहिलं, 'उत्तर तत्पर. तथापि अति तत्परता संशयास्पद.' मोठा माणूस असला तरी कधी कधी त्याच्या डोक्यात असा भुसा शिरतो.

दहाव्या चाचणीला नऊ सेकंद लागले. अठराव्याला चाळीस मिनिटं. पंचविसाव्याला तीन तास. मगदूमांना दुःख झालं, आणि खोटं कशाला बोला, थोडं समाधानही वाटलं. आपला अंदाज बरोबर निघाला की दुखावलेल्या माणसालाही ते वाटतंच. मग त्यांनी कोपरे तपासायला घेतले. मेसेजवर लाल 'तातडी'ची खूण लावून ठिपका पाठवला. तातडीची खूण लावली की जागल्या क्रमांक बाजूला ठेवून ॲपला उठवायचा. पहिल्या वेळी दुसरी खूण लगेच आली. दुसऱ्या वेळी जरा उशिरा. पाचव्या वेळी आलीच नाही. 'तातडीलाही प्रतिसाद नाही,' वहीत नोंद झाली, आणि खाली दोन रेघा ओढल्या गेल्या.

अक्षय्य तृतीयेला त्रिशला दोन दिवस घरी आली. उन्हाने रापली होती, हातांना ग्रीसचा वास होता. तिने हौसेने उसाचा रस काढून आणला. फोन बाहेरच्या खोलीत टेबलावर पडला होता. मगदूम पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि तिथून त्यांनी एक ठिपका पाठवला. दाराच्या फटीतून ते फोनकडे बघत राहिले. फोन ढिम्म. दोन मिनिटांनी तोच फोन टेबलावर थरथरला. त्रिशलाने रसाचा पेला खाली ठेवला, वाचलं, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"कुणाचा?" मगदूम दारातून म्हणाले.

"आल्हादचा."

"तो देवगडचा? बोटींची इंजिनं दुरुस्त करतो तो?"

"हो. त्याने तुम्हाला जानेवारीत मेसेज केला होता. अजून तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीये."

"बघू."

"तीन महिने बघताय अण्णा."

तो मेसेज मगदूमांच्या फोनमध्ये होता. 'नमस्कार काका. मी आल्हाद धुरी, देवगड. त्रिशलाचा मित्र. तुम्हाला भेटायला यायचं आहे. कधी येऊ?' एवढा सरळ मेसेज त्यांनी दहादा उलटसुलट वाचला होता. इतका सरळ, म्हणजे नक्कीच काहीतरी गोम असणार. आणि आता तर पुरावाच मिळाला होता. बाप दहा पावलांवरून हाक मारतोय तर फोन मेल्यासारखा पडून, आणि देवगडहून हा नुसता खाकरला तरी तो उठून उभा. त्या संध्याकाळी जेवताना बोलायची वेळही मगदूमांनी येऊ दिली नाही. घरच्या जैन रीतीने सूर्यास्ताआधी मुकाट्याने दोन घास खाल्ले आणि डोकं दुखतंय म्हणून आडवे झाले. त्रिशला बराच वेळ उशाशी बसून होती. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मे महिन्याच्या बावीस तारखेला, शनिवारी, ते लोखंडाच्या एका गोदामात अचानक तपासणीला गेले. तिथे हुकाचा काटा होता. क्रेनच्या हुकाला तो अडकवायचा, त्याखाली माल लटकवायचा, की वर आकडे दिसतात. काट्याच्या पोटात पोलादाची पट्टी असते. वजन पडलं की ती केसाएवढी ताणली जाते, आणि तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेतून जाणारी वीज त्या प्रमाणात बदलते. त्यावरून आकडा ठरतो. मगदूमांनी सकाळी दहाला पाचशे किलोची प्रमाण वजनं लटकवली. आकडा आला पाचशे. दुसरा कुणी असता तर सही करून गेला असता. मगदूम थांबले. पत्र्याखालचं ऊन चढू दिलं आणि एक वाजता तीच वजनं पुन्हा लटकवली.

चारशे एक्केचाळीस.

त्यांनी ओलं गोणपाट मागवलं, काट्याला गुंडाळलं, अर्धा तास थांबले. पुन्हा पाचशे. म्हणजे तापला की काटा खोटं बोलत होता, आणि तेही कमी सांगत होता. त्यांनी खाली वाकून नंबर वाचला. या जातीचे चाळीस काटे जानेवारीत त्यांच्याच कार्यालयात आले होते. थंडीत, सकाळी आठ वाजता, सगळे बरोबर भरले होते. चाळीसही काट्यांवर त्यांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारला होता.

मग असाच काटा कुठेतरी ओझरता दिसल्याचं त्यांना आठवलं. कालच्या ठिपक्याला त्रिशलाने उत्तर म्हणून एक फोटो पाठवला होता. त्यांनी वही उघडली. वहीत होतं, 'एकवीस मे. उत्तर दोन तास दहा मिनिटांनी.' फोटोत काय आहे ते त्यांनी नीट बघितलंच नव्हतं. आता बघितलं. जहाजाच्या तापलेल्या डेकवर हुकाचा नवाकोरा पिवळा काटा, आणि त्यावर शिशाच्या सीलमध्ये त्यांचाच शिक्का. खाली तिने लिहिलं होतं, "ओळखा पाहू कुणाचा शिक्का! उद्या दुपारी तीनला जुना गिअरबॉक्स उतरवतोय. क्रेन सात टनांची. आकडा सातच्या खाली दिसला तरच उचलायचं. पण काटा तुमच्या शिक्क्याचा आहे, म्हणून मी बिनधास्त."

दोनला वीस मिनिटं कमी होती.

त्यांनी लिहिलं, "काटा उन्हात कमी दाखवतो. उचलू नका." एक खूण. दुसरी येईना. तातडीची लाल खूण लावून पुन्हा पाठवला. एकच खूण. फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, "त्रिशला कामात आहेत. तुमचा निरोप योग्य वेळी पोहोचेल." त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तोच आवाज, तितकाच गोड. पवनचक्की कंपनीचा नंबर शोधून लावला, तर तिथेही यंत्रच होतं. त्याने तक्रार नोंदवून घेतली आणि सोमवारी कामकाजाच्या वेळेत संपर्क साधतो म्हणून सांगितलं.

गोदामातून ते रिक्षाने थेट नूरभाईंकडे आले.

"काहीतरी करा. तिचा फोन उठवा."

नूरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कामावर असताना कंपनी जागल्याला लई कडक करून ठेवती. वरची दोन-तीन माणसंच आत सोडतोय तो. तातडीची खूण चालायला पायजे हुती पन. ती का चालंना?"

मगदूम खाली बघत म्हणाले, "ती मी पाच वेळा वापरली. रिकामी."

नूरभाई म्हणाले, "ज्याच्या हाकेला तिचा फोन उठतोय असा मानूस कोन हाय?"

तो माणूस कोण, हे मगदूमांना पक्कं ठाऊक होतं. वहीत त्याची नोंद होती, पुराव्यासकट.

त्यांनी जानेवारीतला मेसेज काढला. वरचं नाव दाबताना त्यांच्या मनात आलं, की याचा फोन तरी आपल्यासाठी कशाला उठेल? आपण याचे कोण? चार महिने साधा 'नमस्कार' परत केला नाही. याच्या जागल्याने आपल्याला केव्हाच बाहेर काढलं असेल.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"काका? बोला ना काका."

"मी... भूपाल मगदूम."

"हो, कळलं. तुम्ही बरे आहात ना?"

"त्रिशलाला सांगा, काटा खोटा आहे. उन्हात कमी दाखवतो. गिअरबॉक्स उचलू नका म्हणावं. माझा मेसेज तिच्यापर्यंत जात नाही. तुमचा जाईल."

कसा, का, काय, असा एकही प्रश्न त्या पोराने विचारला नाही. "ठेवतो," म्हणाला आणि ठेवला.

नूरभाईंच्या अंगणात दोघं बसून राहिले. दोन वाजून नऊ मिनिटं झाली होती. बारा. पंधरा. मगदूमांनी सवयीने वही काढली आणि न उघडताच परत खिशात घातली. या पोराने खरंच निरोप दिला असेल का? दिला तर नीट दिला असेल का? त्यांना आतून कुणीतरी हे विचारत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या आवाजाची लाज वाटली.

दोन वाजून सोळा मिनिटांनी फोन वाजला.

"काका, पोचला निरोप. तिने थांबवलंय काम. जुना काटा लावून बघणार आहेत."

मगदूम म्हणाले ते नेमकं भलतंच. "तुमचा फोन पहिल्याच रिंगला कसा लागला? आपली काही ओळख नाही, पाळख नाही."

पलीकडे आल्हाद जरा हसला. लाजल्यासारखा. "चार महिने रोज उघडून बघत होतो ना काका, तुमचं उत्तर आलं का ते. जागल्याला वाटलं असणार, यांच्याइतकं महत्त्वाचं माणूस मला दुसरं नाही. त्रिशलाच्या खालोखाल तुम्हीच आहात."

पाचच्या सुमारास त्रिशलाचा फोन आला. ती किनाऱ्यावर येणाऱ्या बोटीत होती.

"अण्णा, नवा काटा सहा टन आठशे दाखवत होता. सगळ्यांना लांब उभं करून जुन्यावर जरासंच उचललं, तर सात टन सातशे भरले. आत तेल तसंच राहिलं होतं." ती थांबली. "मी खाली दोरी धरून उभी राहणार होते."

मगदूमांचा जुना राग उसळून आला. भीती सरली की त्यांना आधी रागच यायचा. "पण तुझ्या फोनने माझ्या मेसेजला का उठू नये गं? एवढा परका झालो मी?"

"थांबा, पान पाठवते."

तिने जागल्याच्या यादीतलं 'अण्णा' या नावाचं पान पाठवलं. मगदूमांनी चष्मा पुसून ते वाचलं. दोन वर्षांपूर्वी तिने फोन घेतला त्या दिवसापासून क्रमांक एक. नऊ मार्च, क्रमांक एक, शेरा: फोन अडीच तास लोखंडी कपाटात, रेंज नाही. अकरा मार्च, एक. वीस मार्च, दोन. दोन एप्रिल, सात. बावीस मे, अडतीस, फलाटावरच्या खानावळीच्या रोजच्या जेवणाच्या यादीखाली. कारण म्हणून एक ओळ होती. 'या व्यक्तीचा मेसेज आल्यावर सुरुवातीला नाडी वाढते. मेसेज रिकामा असतो. आता सरासरी एका सेकंदात फोन खाली ठेवला जातो. तातडीची खूण: पाच वेळा. पाचही वेळा रिकामी.'

त्यांनी वही उघडून फोनशेजारी ठेवली. तारखांना तारखा जुळत होत्या, एकही इकडची तिकडे नाही. काट्यात काडीचा दोष नव्हता. एकसष्ट खोटी वजनं त्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर ठेवली होती.

"ते ठिपके कसले होते अण्णा?" त्रिशलाने विचारलं.

त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही. स्वयंपाकघरातला ठिपकाही सांगितला.

"प्रत्येक वेळी मला वाटायचं, तुम्हाला काहीतरी झालं," ती म्हणाली. "नुसतं विचारायचं होतंत मला."

"तपासायच्या आधी सांगायचं नसतं."

"मी काय दुकान आहे का अण्णा?"

मगदूमांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तो नंबर पुन्हा वर नेता येतो का? हाताने?"

"नाही. जागल्या कुणाचं ऐकत नाही. तो फक्त बघतो." मग तिचा आवाज मऊ झाला. "लिहीत जा काहीतरी. काहीही. पण खरं लिहा."

फोन ठेवल्यावर मगदूमांनी आधी जानेवारीतला मेसेज उघडला. 'कधी येऊ?' याच्याखाली त्यांनी लिहिलं, 'पुढच्या रविवारी या. जेवायलाच या. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवतात, त्या बेताने निघा.' दोन्ही खुणा एकदमच उमटल्या.

मग त्यांनी त्रिशलाचं नाव काढलं. अंगठा सवयीने ठिपक्यावर गेला होता, तो त्यांनी उचलला. बराच विचार करून लिहिलं, "सकाळी दोडक्याची भाजी केली. मीठ जास्त पडलं. तुझी आई असती तर पोट धरून हसली असती. तू नीट आहेस, एवढं पुरे आहे." एक खूण उमटली. ती बोटीत बसून भिजलेलं सामान आवरत असणार, फोन बॅगेत असणार, आणि अडतिसाव्या नंबरच्या माणसाने बाहेर थांबायचं असतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं, भाजीचा डबा भरला आणि नूरभाईंना मिठाबद्दल आधीच बजावून सांगत त्यांच्या अंगणात जाऊन बसले.

दुसरी खूण सव्वासहाला उमटली. मगदूमांच्या वहीत तिची नोंद नाही.